काट्यावर न ठेवलेलं यंत्र

ओतूरच्या पट्ट्यात उन्हाळी कांदा बराखीत भरतात आणि भाव बघून पावसाळ्यात बाहेर काढतात. तेव्हा प्रतवारीचं यंत्र थेट बराखीपाशी न्यावं लागतं. मी बनवलेलं यंत्र उचलायला चार गडी लागायचे. चौकट ४० मिमीच्या, ६ मिमी जाड अँगलची; मीटरला साडेतीन किलो. जड तेवढं मजबूत, अशीच माझी समजूत होती.

तक्रारी आल्यावर मी अँगलला भोकं पाडत सुटलो. १२ मिमीच्या भोकातून जेमतेम पाच ग्रॅम लोखंड निघतं. शंभर भोकांचं अर्धा किलो. हा साधा हिशेब केला नाही. उलट वेल्डिंगलगतच्या भोकांपासून मोटरच्या थरथरीने तडे गेले.

मग चौकट २५ मिमीच्या, ३ मिमी जाड अँगलची केली. मीटरला १.१ किलो. ही चूक जास्त महागात पडली. वर्कशॉपच्या कोब्यावर यंत्र छान चाललं. पण एका शेतकऱ्याच्या बराखीपुढच्या उंचसखल जमिनीवर एक चाक खाली गेलं की चौकट पिळायची. रोलरमधली फट एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद. कांदा निवडणाऱ्या मावशी म्हणाल्या, “दादा, गोल्टीत गोळा पडतोय.” म्हणजे लहान कांद्यात मोठा. मी रोलर पुन्हा बसवले आणि निघून आलो. अरुंद बाजूला कांद्याची पत्ती सोलली गेली, त्या मालाला भाव कमी मिळाला. माझ्या चुकीची किंमत त्या शेतकऱ्याने मोजली, याचं आजही वाईट वाटतं.

उघडा अँगल सहज पिळतो; तेवढ्याच वजनाचा बंद चौकोनी पाईप कितीतरी पट ताठ राहतो. अ‍ॅल्युमिनियमचाही मोह झाला होता, पण ते वजनाला लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं, तसं ताठपणातही तेवढंच.

शेवटी यंत्र खोलून एकेक भाग काट्यावर ठेवला. रोलरमधून आरपार गेलेले ३२ मिमीचे भरीव शाफ्ट मीटरला सव्वासहा किलो भरत होते, आणि मी चौकटीमागेच लागलो होतो. आता शाफ्ट फक्त टोकांना, बेअरिंगपुरते. मधला भार रोलरचा पाईपच पेलतो. चौकट ४० मिमीच्या, २ मिमी जाड चौकोनी पाईपची, मीटरला २.४ किलो. आतून गंजू नये म्हणून पाईपची तोंडं बंद केलेली.

यंत्र देण्याआधी एका चाकाखाली वीट ठेवतो आणि दोन्ही टोकांची फट मोजतो. फरक दिसला तर यंत्र वर्कशॉपमधून हलत नाही.