पिशोरमार्गे जालना

छत्रपती संभाजीनगरहून जालना सरळ रस्त्याने साठ किलोमीटरच्या आसपास आहे. मी मात्र खुलताबाद, कन्नड, पिशोर, सिल्लोड आणि भोकरदन असा वळसा घेऊन, सायकलवरून, एकट्याने, चौथ्या दिवशी जालन्यात पोहोचलो. एकूण अंतर सुमारे दोनशे किलोमीटर भरले.

वय पासष्टीकडे झुकलेले आणि उजवा गुडघा कुरकुरणारा, तेव्हा घरून विरोध होणे स्वाभाविक होते. १९२३ साली सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर निघाले आणि त्यांतील तिघे जग पालथे घालून १९२८ मध्ये परतले. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली एकटीने सुमारे २९ हजार किलोमीटरची जगप्रदक्षिणा केली, हे दाखले मी दिले. "ते सगळे विशीतले होते," एवढेच सौभाग्यवती म्हणाल्या आणि डब्यात खाखरे भरू लागल्या.

या भागाशी माझा संबंध जुना. बँकेच्या नोकरीतील काही वर्षे मी कन्नड तालुक्यातील एका ग्रामीण शाखेत काढली. एप्रिल १९८९ पासून प्रत्येक ग्रामीण शाखेला पंधरा ते पंचवीस गावे 'सेवा क्षेत्र' म्हणून नेमून देण्यात आली. गावे कागदावर आली, पण तिथवर जायला वाहन नव्हते. बाजारपेठेतील दुकानातून तासाच्या भाड्याने सायकल घ्यावी, पिशवीत थकबाकीची यादी घालावी आणि निघावे, असा तो काळ. ज्या रस्त्यांवर माझ्याकडे पाहून माणसे घरात जात, त्या रस्त्यांवर एकदा यादीविना हिंडावे, अशी इच्छा निवृत्तीनंतर बरीच वर्षे मनात होती.

सायकलवरून एक गोष्ट ध्यानात येते, जी मोटारीतून येत नाही. बाजाराची गावे एकमेकांपासून साधारणपणे वीस-पंचवीस किलोमीटरवर वसलेली आहेत. बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर चालते. सकाळी माल भरून निघालेल्या शेतकऱ्याला दिवे लागण्यापूर्वी घरी परतायचे असेल, तर बाजार दहा-बारा किलोमीटरच्या आतच हवा. आपल्या वडिलांनी-आजोबांनी दुकाने कुठे थाटावीत, हे बैलांच्या पायांनी ठरवले होते. मोटारसायकल आली आणि हा हिशेब मोडला असे सर्वत्र म्हटले जाते. तो खरोखर किती मोडला, हे मला पाहायचे होते.

पहिला दिवस परिचित वाटेचा. दौलताबादच्या तटबंदीतून, घाट चढून खुलताबाद, मग वेरूळ. सायंकाळी कन्नड. सूर्यास्तापूर्वी जेवण हा घरचा नेम असल्याने मुक्काम आपोआप लवकर पडे. आजच्या वयात सायकलस्वाराला याहून चांगला नियम कोणी सांगितला नसता.

कन्नडजवळ सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. मी ती पूर्वीच पाहिलेली होती, त्यामुळे या वेळी गेलो नाही; परंतु तेथील एक शिलालेख वाटेत सतत आठवत राहिला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका खांबाचे दान देणाऱ्याने आपली ओळख कोरून ठेवली आहे: पैठणचा, गंधिक कुळातला मितदेव. म्हणजे अत्तर-सुगंधाच्या व्यापाऱ्याच्या घरातला. गाव, धंदा आणि नाव एवढीच ओळख त्याने दिली. आपल्याकडेही कुटुंबे 'कन्नडवाले', 'पिशोरवाले' अशीच ओळखली जातात. आडनाव नंतर विचारतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशोरचा रस्ता धरला. मध्ये खांड लागते. 'पिशोर खांड' म्हटले की ट्रकचालकही सावध होतात. चढावर मी मुकाट्याने उतरलो आणि सायकल ढकलत चाललो. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, त्याला वाट दिली. खांडीपलीकडे कडेने मका वाळत घातलेला, वेचणीला आलेला कापूस आणि अद्रकीची हिरवी शेते. या भागात आल्याला अद्रक म्हणतात. भाव पडला तर शेतकरी ती काढतच नाही. जमिनीतच ठेवतो आणि पुढच्या हंगामाची वाट पाहतो. मला ती नेहमीच मुदत ठेवीसारखी वाटत आली आहे, फक्त व्याजदर कोणी सांगत नाही.

पिशोर अंजना नदीच्या काठी आहे. बाजाराचा दिवस नसल्याने पेठ निवांत होती. ज्यांच्याकडे मी उतरलो त्यांचे किराणा-भुसाराचे दुकान तीन पिढ्यांचे. जुन्या काळी ते आमच्या शाखेचे खातेदार होते. आता ते सत्तरीत आहेत आणि गल्ल्यावर मुलगा बसतो. वय एकतीस, बी.कॉम. मी दुपारभर दुकानात बसून राहिलो आणि कोण येते ते पाहत राहिलो. कापडासाठी, भ्रमणध्वनीसाठी, सोन्यासाठी माणसे आता सरळ कन्नडला किंवा शहरात जातात, यात शंका नाही. पण खुरपे, दोरखंड, पाच किलो डाळ आणि "कापूस विकला की देतो" या बोलीवर उचललेला महिन्याचा बाजार, यासाठी ती पिशोरलाच येतात. गाडी आली म्हणून उधारी दूर गेली नाही. तीस किलोमीटरवरचा मॉल ओळखीवर डाळ देत नाही.

सायंकाळी जेवण झाल्यावर वडिलांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. मुलाचा बायोडाटा.

"साहेब, तुम्ही आयुष्यभर अर्ज तपासले. हा बघा."

मी सवयीने ओळीओळीने वाचू लागलो. 'वास्तव्य' या रकान्यात 'छत्रपती संभाजीनगर' असे छापलेले होते. मी वर पाहिले. मुलगा खाली मान घालून बसला होता.

"पिशोर लिहिलं की पुढचं कोणी वाचतच नाही, काका," तो म्हणाला. "चार वर्षं तसाच पाठवला. एकदाही फोन आला नाही. शहर लिहिल्यावर आठवड्यात तीन आले."

"मग?"

"मग विचारतात, फ्लॅट कुठल्या भागात आहे."

वडिलांचा प्रश्न सरळ होता: दुकान विकून शहरात सदनिका घ्यावी काय? मी वही मागवली. उलाढाल, नफा, येणे, बुडीत, सारे पाहिले. कर्ज नाही, जागा स्वतःची, येणे जास्त पण माणसे माहितीतली. वर्षाची निव्वळ शिल्लक शहरात नोकरी करणाऱ्या त्याच्या मित्रांच्या पगाराच्या मागे नव्हती. सदनिकेचा हप्ता वीस वर्षे भरायचा, तोही अजून न मिळालेल्या नोकरीच्या पगारातून. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी मंजूर केला नसता. तसे मी सांगितलेही.

"हिशेब मलाही कळतो, काका," मुलगा म्हणाला. "पण समोरचे हिशेबापर्यंत येतच नाहीत."

त्याच्या आईने आतून एकच वाक्य ऐकवले: "आम्हीपण आमची मुलगी पुण्यालाच दिली." त्यावर कोणी काही बोलले नाही.

येथे मला माझे मत नोंदवलेच पाहिजे. लहान गावांतील आपली दुकाने तोट्यामुळे बंद पडत आहेत, असे आपण सभांतून बोलतो. मी पाहिलेले हे दुकान तोट्यात नाही. ते बंद पडलेच, तर एका रकान्यामुळे पडेल; आणि तो रकाना वाचून कागद बाजूला ठेवणारी माणसे आपल्याच घरांत बसलेली आहेत.

तिसऱ्या दिवशी सिल्लोड. तेथे चाकात बाभळीचा काटा शिरला आणि तासभर गेला. दुपारनंतर भोकरदन गाठले. हे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपासाठी दान देणाऱ्यांत येथील लोकांची नावे कोरलेली आहेत. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी केलेल्या उत्खननात येथे हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. आज बसस्थानकासमोर चहा पिताना याची कोणतीही खूण दिसत नाही. समुद्रापार गेलेला व्यापार आटला; गाव मात्र आहे, बाजार भरतो.

चौथ्या दिवशी राजूरमार्गे जालना. उतरलो ते एका नातलगांकडे. त्यांची मुलगी अठ्ठावीस वर्षांची, वाणिज्य पदवीधर, घरूनच हिशेबाची कामे करणारी. कोणी सांगितले नव्हते, तरी मी पिशोरच्या मुलाचा विषय काढला. शिक्षण, स्वभाव, दुकान, कर्ज नसणे, हे सारे सांगितले; आणि गावाचे नाव अगदी पहिल्या वाक्यातच सांगितले.

वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. मुलीनेच विचारले, "पिशोर नेमकं कुठं आलं, काका?"

मी पेन घेतले आणि वर्तमानपत्राच्या कडेला रस्ता काढू लागलो: कन्नड, खांड, अंजना, पुढे सिल्लोड, भोकरदन, जालना. वहिनी वाकून पाहत होत्या.

"तिथून इथं यायला किती वेळ लागतो?" त्यांनी विचारले.

सायकलने दोन दिवस, एवढेच मला खात्रीने सांगता आले.