तेरावे पापस्थान

चिखलीतील हार्डवेअरच्या एका दुकानाचे मालक साठीच्या घरातले. उमेदीची वर्षे त्यांनी बजाज चेतकवर काढली. १९७२ साली बाजारात आलेली ही स्कूटर शेजारच्या आकुर्डीतच तयार होत असे. सकाळी ती सुरू झाली नाही तर एका बाजूला कलती करावी, मग किक मारावी आणि रात्री गाडी उभी करताना पेट्रोलचा कॉक न विसरता बंद करावा, ही त्या पिढीची शिस्त. पुढे १९८०च्या दशकात नगरच्या फिरोदिया परिवाराच्या कायनेटिक होंडाने बटण दाबताच सुरू होणारी स्कूटर घरोघर पोहोचवली आणि किकचे श्रम वाचले. मात्र हाताला लागलेली सवय यंत्राबरोबर बदलत नाही.

पर्युषणाच्या सातव्या दिवशी मालक प्रवचनाला स्थानकात निघाले. कार्ब्युरेटरची जुनी मोटारसायकल पहिल्याच किकला सुरू झाली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि बंद पडली. मग दहा किका मारल्या, चोक ओढून पाहिला, तरी उपयोग झाला नाही. गाडी ढकलत ते दुकानापाशी परतले. आदल्या दुपारी दुकानातील मुलाला त्यांनी पेट्रोल भरण्यासाठी दोनशे रुपये दिले होते. टाकीचे झाकण उघडून पाहण्याचेही भान त्यांना राहिले नाही. चार गिऱ्हाइकांच्या देखत त्यांनी मुलाला विचारले, "पैसे कुठे गेले?" मुलगा म्हणाला, "शेठ, भरलंय पेट्रोल." पुढे तो काही बोलला नाही. खिळे तोलण्यासाठी आत निघून गेला.

थोड्या वेळाने कुदळवाडीतील ओळखीचे मेकॅनिक आले. त्यांनी हत्यारांच्या पेटीला हात लावण्याआधी एकच प्रश्न केला, "गाडी सुरू होऊन बंद पडली, की सुरूच झाली नाही?" उत्तर ऐकून त्यांनी टाकीखाली हात घातला. कॉक बंद होता. टाकीत पेट्रोल पुरेसे होते. कॉक बंद असला तरी कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडे पेट्रोल शिल्लक राहते. तेवढ्यावर गाडी कोपऱ्यापर्यंत गेली होती. रात्री तो कॉक मालकांनीच, चेतकच्या सवयीने, बंद केला होता.

इंजिनाला पेट्रोल, हवा, ठिणगी आणि पुरेसा दाब एवढेच लागते. म्हणून तपासाचा क्रमही फुकटापासून खर्चाकडे असावा. प्रथम हँडलवरील लाल बटण, कॉक आणि टाकी पाहावी. सेल्फ मारल्यावर नुसती टकटक झाली आणि हॉर्नही मंद वाजला, तर बॅटरी उतरलेली असते किंवा तिच्या टोकांवर पांढरा क्षार साचलेला असतो. यानंतर प्लग काढावा. तो पेट्रोलने ओला असेल तर गाडी ओव्हरफ्लो झाली आहे. अशा वेळी चोक बंद करून, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडून काही किका माराव्यात. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही, काजळलेला असेल तर साफ करावा. पावसाळ्यात प्लगच्या टोपीत शिरलेले पाणीही पुसावे. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत बहुधा कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन असते. त्यांत किल्ली फिरवल्यावर पंपाचा बारीक आवाज ऐकू येतो का, हे आधी पाहावे.

व्यापाऱ्याला हा क्रम नवा नाही. रोजमेळ जुळला नाही की तो आधी स्वतःची बेरीज तपासतो, मग पावत्या पाहतो. मुनीमाविषयी शंका सर्वांत शेवटी येते. वहीच्या बाबतीत पाळलेला हा नियम माणसाच्या बाबतीत मात्र उलटा होतो. संशयाला काही खर्च येत नाही असे वाटते, म्हणून तो आधी केला जातो. आपल्या अठरा पापस्थानांत तेरावे स्थान अभ्याख्यानाचे, म्हणजे खोटा आळ घेण्याचे आहे. चोरी आणि असत्य यांपासून ते वेगळे मोजलेले आहे, कारण आळ घेणाऱ्याला आपण काही चुकलो असे वाटतच नाही.

संवत्सरीच्या प्रतिक्रमणात मालकांनी चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागितली. त्या लक्षांत दुकानातील मुलगाही आला, असे म्हणून मन समजावता आले असते. त्यांना ते पटले नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर त्यांनी चार गिऱ्हाइके जमेपर्यंत वाट पाहिली. आळ चारचौघांत घेतला होता, तेव्हा क्षमाही चारचौघांतच मागायला हवी होती. मुलासमोर हात जोडून ते म्हणाले, "चूक माझी होती. मिच्छामि दुक्कडम्."

मुलगा गोंधळला. हातातले माप त्याने खाली ठेवले. काही क्षणांनी म्हणाला, "शेठ, रात्रीचा कॉक आता मीच बघत जाईन."

त्या दिवसापासून पेट्रोलचे पैसे आणि गाडीची किल्ली त्याच्याकडेच असते.