खिडकीचं माप

आज पिकाचं नाही, खिडक्यांचं सांगतो. जुन्या लाकडी चौकटी वाळवीनं खाल्ल्या, म्हणून नव्या घराला ॲल्युमिनियम ठरवलं. कारागीर म्हणाला, सगळीकडं दोन ट्रॅकची स्लायडिंग बसवू, स्वस्त पडंल. पण ती एका वेळी निम्मीच उघडते. आई अंथरुणाला खिळलेली. तिच्या खोलीला दोन्ही पल्ले पूर्ण उघडणारी घेतली, तीही जमिनीपासून दोन फुटांवर. पैसे जास्त गेले.

एक चूक झाली. स्वयंपाकघराचं माप गिलाव्याआधी दिलं, खिडकी बसेना. माप गिलाव्यानंतरच द्या. खालच्या ट्रॅकला पाणी जायला भोकं आहेत का तेही बघा, नाहीतर पावसाचं पाणी घरात.

काल आई पडल्या पडल्या म्हणाली, "गोठा दिसतोय रं."