चौथे नाव

नदीकाठच्या त्या उपाहारगृहाच्या ओसरीवर माई पहिल्यांदा बसल्या त्या १९८९ च्या उन्हाळ्यात. कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम या गावी डिस्नेलँड दाखवायला मुलाने त्यांना नेले होते. बरोबर यजमान होते. इंदूरच्या शाळेत तीस वर्षे गणित शिकवलेले आणि डॉलरचे रुपये केल्याशिवाय पाण्याचा पेलाही न उचलणारे ते गृहस्थ त्या सकाळी मात्र अकस्मात उदार झाले. त्यांनी मिकी उंदराच्या तोंडवळ्याचे पॅनकेक मागवले. मोठी चकती म्हणजे चेहरा, दोन लहान चकत्या म्हणजे कान आणि फळांच्या फोडींचे डोळे. अंडे घातलेले ते जाड धिरडे माईंना चालण्यासारखे नव्हते. त्यांनी पर्समधून दशमी काढली, हातरुमालाच्या आडोशाने धरली आणि समोरून जाणाऱ्या वल्हेचाकाच्या पांढऱ्या आगबोटीकडे पाहत तुकड्यातुकड्याने संपवली. यजमानांनी आधी उंदराचे दोन्ही कान खाल्ले आणि म्हणाले, ‘‘आता याला कोणताही मास्तर कान धरून उभा करू शकणार नाही.’’

माणसाच्या आठवणीत एखादे पर्यटनस्थळ शिल्लक राहते ते बहुधा अशाच कारणांनी. त्या दिवशी पाहिलेले किल्ले, गुहा, चाचे आणि भुते यांची माईंच्या मनात पुढे सरमिसळ झाली. ओसरी, आगबोट आणि कान नसलेला उंदीर एवढे मात्र जसेच्या तसे राहिले. म्हणूनच २०२३ मध्ये, यजमान जाऊन नऊ वर्षे झाल्यानंतर, त्या पुन्हा मुलाकडे गेल्या आणि नातवाने ‘‘आजी, तुला कुठे जायचंय?’’ असे विचारले, तेव्हा त्यांनी डिस्नेलँडचे नाव न घेता ‘‘त्या नदीकाठच्या हॉटेलात’’ एवढेच सांगितले.

नातवाने फोनवर शोधाशोध केली. उपाहारगृह जागेवर होते, नावही तेच होते: रिव्हर बेल टेरेस. पण पूर्वी ताट हातात घेऊन रांगेत उभे राहिले की जे मिळत असे, त्यासाठी आता लोक आधी जागा राखून येत होते. यांना जागा मिळाली ती दुपारची. पॅनकेक हा सकाळचा पदार्थ. दुपारच्या यादीत तो असण्याचे कारण नव्हते. माईंनी हे ऐकले आणि काही बोलल्या नाहीत. वस्तुतः पॅनकेक त्यांनी कधी चाखलेलेच नव्हते. न चाखलेल्या पदार्थाच्या नसण्याने आपल्याला इतके का वाटावे, याचे त्यांना स्वतःलाच नवल वाटले असावे.

क्रीडोद्यान ही मोठी चमत्कारिक जागा आहे. काळ थांबवून धरण्याचे आश्वासन देऊनच ते तिकीट विकते. तेथली नदी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेची, रस्ता जुन्या गावाचा, किल्ला परीकथेतला. पाळणे आणि आगगाड्या यांना हे आश्वासन बऱ्यापैकी पाळता येते, कारण यंत्राला भूक नसते. स्वयंपाकघराला ते जमत नाही. जेवणारा माणूस आपले वय, आपला धर्म, आपले पथ्य आणि आपला खिसा घेऊन आत येतो, आणि काळाला दाराबाहेर उभे करणे मग कुणालाच शक्य होत नाही.

१७ जुलै १९५५ रोजी हे उद्यान उघडले तेव्हा पहिली फजिती झाली ती अन्नपाण्याचीच. नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याची सोय अपुरी पडली होती, बनावट निमंत्रणपत्रिकांमुळे अपेक्षेहून फार मोठी गर्दी लोटली होती, आणि त्या उकाड्यात खाद्यपदार्थ संपून गेले. त्या काळात तेथील अनेक उपाहारगृहे उद्यानाने स्वतः चालवायला न घेता कंपन्यांच्या हवाली केलेली होती. कंपनी आपले नाव पाटीवर लावी, आपला माल खपवी, आणि करार संपला की नावासकट निघून जाई. पाट्या बदलण्याचे निम्मे रहस्य या हिशेबात आहे.

याच सरहद्दीवरच्या भागात एका चिप्स बनवणाऱ्या कंपनीचे ‘कासा दे फ्रिटोज’ नावाचे मेक्सिकन पद्धतीचे उपाहारगृह होते. तेथल्या शिळ्या, टाकून द्यायच्या टॉर्टिया तळून विकायची युक्ती कुणीतरी सुचवली आणि त्यातूनच पुढे १९६६ मध्ये देशभर विक्रीस आलेल्या डोरिटोस चिप्सचा जन्म झाला, असे सांगितले जाते. शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या घरातल्या बाईला यात विशेष काही वाटणार नाही. मात्र तिच्या कुस्कऱ्याचा कारखाना कोणी काढला नाही. ते उपाहारगृह १९८२ मध्ये ‘कासा मेक्सिकाना’ झाले आणि २००१ मध्ये ‘रांचो देल सोकालो’. पलीकडच्या ताहिती बेटाच्या गच्चीची १९९३ मध्ये अल्लादीनची हिरवळ झाली, आणि २०१८ च्या अखेरीस पुन्हा कुठल्याशा उष्णकटिबंधीय बंदराचा धक्का. प्रत्येक वेळी कोणी ना कोणी हळहळलेच असेल.

माईंच्या ओसरीची कथा मात्र अशी हसून सोडून देण्याजोगी नाही. टेबलाची वाट पाहत असताना नातवाने ती फोनवर वाचली आणि आजीला मराठीत सांगितली. रिव्हर बेल टेरेस हे त्या जागेचे चौथे नाव. १९५५ च्या ऑगस्टमध्ये ती उघडली तेव्हा ते ‘आंट जेमायमाचे पॅनकेकगृह’ होते. १९६२ मध्ये ते ‘आंट जेमायमाचे स्वयंपाकघर’ झाले. १९७० मध्ये मूळची कंपनी निघून गेल्यावर ‘मॅग्नोलिया ट्री टेरेस’. आणि १९७१ मध्ये आजचे नाव.

ही जेमायमा मावशी कधी अस्तित्वातच नव्हती. १८८९ मध्ये मिझुरी राज्यातील सेंट जोसेफ येथे पर्ल मिलिंग कंपनीने पॅनकेकचे तयार पीठ काढले आणि त्यासाठी एक नाव उचलले. ते आले तोंडाला काजळी फासून काळ्या माणसांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या नटांच्या खेळांतील एका गाण्यातून. पुढे या नावाला देह मिळाला तो नॅन्सी ग्रीन यांचा. गुलामगिरीत जन्मलेल्या या बाईंनी १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात पॅनकेक भाजून लोकांना खिलवले. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेतील विवेकानंदांचे भाषण आपल्याकडे शाळेतल्या मुलांना ठाऊक असते. त्याच वर्षी, त्याच नगरात, एक बाई तव्यापुढे उभी राहून आपली नसलेली कहाणी हसतमुखाने सांगत होती, हे मात्र आपल्याला कोणी सांगितलेले नसते. नॅन्सी ग्रीन १९२३ मध्ये वारल्या. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो २०२० मध्ये.

डिस्नेलँडच्या ओसरीवर ही मावशी झालेल्या बाईंचे नाव एलीन लुइस. १९५७ पासून १९६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत डोक्याला रुमाल बांधून त्या पाहुण्यांचे स्वागत करीत आणि त्यांच्याबरोबर छायाचित्रे काढून घेत. त्या छायाचित्रांतली कितीतरी आजही कुठल्या ना कुठल्या घरच्या कपाटात असतील, आणि त्यांच्यामागे पेन्सिलीने लिहिलेले असेल जेमायमाचे नाव. पिठाच्या खोक्यावरचे ते नाव काढून टाकण्याचे कंपनीने २०२० मध्ये जाहीर केले, आणि २०२१ मध्ये तेच पीठ पर्ल मिलिंग कंपनी या मूळ नावाने बाजारात आले.

‘‘म्हणजे आम्ही आलो तेव्हाही ते जुनं नव्हतंच,’’ माई म्हणाल्या.

या वाक्यात थोडी निराशा होती, तशी थोडी सुटकाही असावी. गेल्या काही वर्षांत काय काय बदलले याची यादी मनात करीत त्या आल्या होत्या. ज्याला आपण मूळ समजत होतो तेच चौथे होते, आणि पहिले नाव परत यावे अशी इच्छा करण्याजोगेही नव्हते. स्मरणरंजनाला साधारणतः निरुपद्रवी भावना मानले जाते. पण आपल्या बालपणीचे जे हॉटेल आपल्याला हवे असते त्याच्या स्वयंपाकघरात कोण उभे होते आणि त्याला कोणत्या नावाने हाक मारली जाई, याची चौकशी ती क्वचितच करते.

बदल घडवतो कोण, याचे उत्तर दर वेळी निराळे येते. कधी करार, कधी लाज, तर कधी केवळ जेवणाऱ्यांचा हट्ट. शेवटच्या प्रकाराचे ठळक उदाहरण १२ एप्रिल १९९२ रोजी पॅरिसजवळ उघडलेल्या डिस्नेच्या उद्यानाचे. अमेरिकेतील शिरस्त्याप्रमाणे तेथेही उद्यानात मद्य मिळणार नव्हते. दुपारच्या जेवणाबरोबर पेलाभर वाइन घेणाऱ्या फ्रेंच माणसाला हा नियम कळेना. त्यातच युरोपीय पाहुणा सकाळी कॉफी आणि पावाच्या तुकड्यावर भागवतो असे गृहीत धरून न्याहरीची व्यवस्था बेताची ठेवलेली; पाहुण्यांनी मात्र भरपेट न्याहरी मागितली आणि रांगा लागल्या. अमेरिकन माणूस दिवसभर फिरता फिरता खातो. इथले सगळे साडेबाराच्या सुमारास एकदमच टेबलापाशी हजर होत. अखेर १९९३ मध्ये वाइन आली. जगभर एकच स्वप्न एकाच साच्यातून काढता येईल असे मानणाऱ्यांना दुपारच्या जेवणाच्या वेळेने नमवले. फ्लोरिडातील १९७१ सालच्या उद्यानातही हा नियम पुढे शिथिल झाला, पण त्याला २०१२ साल उजाडावे लागले. हाँगकाँगला उलटेच घडले. तेथे स्थानिक रीतीचा मान राखून लग्नाच्या मेजवानीत शार्कच्या पराचे सूप ठेवायचे ठरले होते. पर्यावरणवाद्यांनी विरोध केल्यावर २००५ मध्ये, उद्यान उघडण्यापूर्वीच, ते यादीतून उतरले.

इंदूरच्या माणसाला खरे तर यातले काहीच नवे वाटू नये. दिवसा दागिने विकणारा त्याचा सराफा रात्री दुकाने मिटली की खाऊगल्ली होतो, आणि सकाळी पुन्हा सोन्याचा. माईंनी तेथील गल्ल्यांवर तीन पिढ्यांचे हात बदलताना पाहिले होते, आणि त्याचे दुःख केलेले नव्हते. जेथे रोज जाणे होते तेथला बदल अंगवळणी पडतो. जेथे एकदाच गेलो ती जागा मात्र त्या एका दिवशी थांबली पाहिजे, असे आपण धरून चालतो.

टेबल मिळाले ते ओसरीवरच. वाढणारी मुलगी हसत आली. माईंनी चष्मा सारून आधी तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावरचे नाव वाचले आणि त्या नावाने तिला हाक मारली. नातवाने यादी पुढे धरून हिरव्या पानाची एक खूण दाखवली. ज्यात मांस, अंडे, दूध काहीच नाही अशा पदार्थापुढे ती असते. १९८९ मध्ये त्या साऱ्या उद्यानात आपल्याला खाता येईल असे काय मिळेल, हे ओळखण्यासाठी माईंना मुलाच्या तोंडाकडे पाहावे लागले होते. आता त्यांच्यासाठी निराळी खूण छापलेली होती. आणि हे वाचून, चष्मा काढून, ‘‘बघ, तुझीही सोय झाली आणि पैसेही घेतले,’’ असे म्हणणारा माणूस तेवढा समोर नव्हता.

पदार्थ यायला वेळ होता. माईंनी पर्स उघडली. दशम्यांचे पुडके सकाळी दारावरच्या पहारेकऱ्याने उघडून पाहिले होते आणि ‘घरचे जेवण’ असे ऐकल्यावर जाऊ दिले होते. आडोशाला हातरुमाल घ्यायचे त्यांच्या ध्यानातच आले नाही. त्यांनी एक दशमी सरळ बशीत ठेवली आणि बशी नातवापुढे सरकवली.

‘‘आजी, आजोबांनी आधी काय खाल्लं होतं म्हणालीस?’’

‘‘कान.’’

त्याने दशमीची वरची डावी कड तोडली, मग उजवी. समोरून आगबोट भोंगा वाजवीत वळणावर येत होती.