रफार

बाबांचा संगणक मी साफ करायला घेतला तो २०१४ च्या एप्रिलमध्ये. त्या महिन्याच्या ८ तारखेला विंडोज एक्सपीला दुरुस्त्या मिळणं बंद झालं होतं, आणि ब्रह्माघाटच्या आमच्या घरात मीच काय तो कंप्युटरवाला. बाबांना नवं यंत्र नको होतं. निदान अडगळ तरी काढू म्हणून 'ॲड ऑर रिमूव्ह प्रोग्राम्स' उघडलं आणि यादीतलं एकेक उडवत सुटलो. तीन टूलबार, दोन अँटिव्हायरस, कुणीतरी सीडीवरून टाकलेलं पंचांग, टायपिंग शिकवणारं एक सॉफ्टवेअर. ते जाताना एक खिडकी उघडली: ही सामायिक फाइल दुसरं कुणी वापरत नसावं, काढू का? मी 'येस टू ऑल' दाबलं.

संध्याकाळी बाबांनी आपल्या आठवणींची फाइल उघडली. 'काशी'च्या जागी डी, के, एक अवतरणचिन्ह, पुन्हा के, मग एच. पानंच्या पानं तशीच. बाबा काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

बाबा कचहरीत कारकून होते आणि टायपिंग तिथल्याच टायपिस्टांकडून शिकले, म्हणजे क्रुतिदेवमध्ये. अशा फाँटच्या फाइलीत देवनागरी साठवलेली नसतेच. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं. फाँट त्यांच्या जागी क, श, वेलांटी दाखवतो. मी तो फाँटच काढला होता. दुसऱ्या दिवशी कचहरीबाहेरच्या एका टायपिस्टानं "ई कउन बड़ी बात हौ, भइया" म्हणत पेनड्राइव्हवर दिला. फाँट्सच्या फोल्डरमध्ये टाकला, पानं परतली. पुढे आठवडाभर बाबांनी मला माउसला हात लावू दिला नाही.

बाबा २०१९ मध्ये गेले. मग मी ती फाइल कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणली, छापली, नागपूरच्या काकांना पाठवली. १९७८ च्या पुरावर त्यात एक परिच्छेद होता. त्या सप्टेंबरात गंगा ७३.९०१ मीटरवर गेली होती. बनारसमध्ये आजही पुराची गोष्ट त्या आकड्यापाशी येऊन थांबते. बाबांनी लिहिलं होतं, पाणी जिन्याशी आलं तेव्हा आचार्यांनी आजीला पाठीवर घेऊन वरच्या गल्लीत नेलं. काका तेव्हा नोकरीनिमित्त नागपुरात होते. वाचून त्यांना भरून आलं. शेजारच्या पाठशाळेतले आचार्य आमच्याकडे येत असत. काकांनी त्यांच्या मुलाला शोधून आभाराचं पत्र लिहिलं. उत्तर आलं की वडील त्या महिन्यात काशीत नव्हतेच.

मला उगाच राग आला, आधी त्या मुलाचा, मग बाबांचा. नंतर छापलेली पानं पुन्हा चाळताना 'दुसर्या', 'पायर्या' दिसू लागलं आणि डोक्यात प्रकाश पडला. हिंदीला ऱ्य लागत नाही. बाबांना तो त्या फाँटमध्ये कधी सापडला नाही, म्हणून ते पायमोडका र टाकून पुढे य ठेवत. तेवढ्यावर वाचणाऱ्याचं भागत होतं. पण युनिकोडमध्ये र, हलन्त आणि य लागोपाठ आले की त्यांचा रफार होतो. चंद्रकोरीच्या र साठी नुक्त्याचा ऱ वेगळा द्यावा लागतो. कन्व्हर्टरला ते कुठून कळणार!

मूळ फाइल पाहायला हवी होती. माझ्या नव्या लॅपटॉपवर तो फाँट नव्हता, आणि मी तो मुद्दामच टाकला नाही. तीच २०१४ ची रोमन खिचडी समोर आली. पुराचा परिच्छेद आकड्यांवरून सापडला. बाबांनी खरंच 'आचार्य' लिहिलं असतं, तर शब्दात रफाराचा कॅपिटल झेड असायला हवा होता. तो नव्हता. तिथे जे, नागमोडी रेघ, अर्धविराम आणि के असे होते.

आचाऱ्यांनी.

आमच्याकडे तेव्हा स्वयंपाकाला एक आचारी होते, ओट्यामागच्या खोलीत राहायचे, एवढंच आई कधी सांगायची. बाबांनी त्यांचं नाव लिहिलेलं नाही. मी काकांना फोन लावला. सगळं ऐकून ते बराच वेळ गप्प होते.

"तो?" काका म्हणाले. "त्याला तर मी त्याच दिवाळीला आलो तेव्हा काढून टाकला."