काखेतला कळसा

'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्या स्वतःच्या काखेत खचितच कळसा नसावा. ज्याचा कळसा हरवलेला असतो तो बिचारा म्हणी रचण्याच्या मनःस्थितीत नसतो. तो आळीआळीतून हिंडत असतो, विहिरीवर चौकशी करीत असतो, प्रसंगी शेजाऱ्यावर नाहक संशयही घेत असतो. म्हण रचतो तो ओट्यावर निवांत बसलेला मनुष्य. त्याला कळसाही दिसतो आणि काखही दिसते. म्हणूनच या म्हणीत हसू पुष्कळ आहे, परंतु कळसा शोधणाऱ्याची बाजू तिच्यात मुळीच नाही. ती बाजू कोणीतरी मांडावयास हवी, असे आमच्या मनात फार दिवसांपासून होते. त्यासाठी लागणारा साक्षीपुरावा मात्र आम्हांला अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळाला. तो मिळाला मुलांच्या व्हिडिओ गेममध्ये.

वाचकहो, आमच्या वयाच्या आणि आमच्या पेशाच्या माणसाने या विषयावर लिहावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु या खेळांशी आमचा परिचय जुना आहे. १९९०च्या दशकात दूरचित्रवाणी संचाला जोडावयाची खेळयंत्रे आपल्याकडील घरांत येऊ लागली, तेव्हा आम्ही सेमिनरीत शिकत होतो. मे महिन्याच्या सुटीत घरी आलो की भाचे-पुतणे ते यंत्र लावून बसलेले असत. हातातल्या कळफळ्याला मुले 'रिमोट' म्हणत, उरलेल्या आयुष्याला 'लाइफ' म्हणत, आणि आपली पाळी कधी येते म्हणून डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत. आम्ही मागे खाटेवर बसून पाहत असू. हे मागे बसणे फार बोधप्रद असते. खेळणाऱ्याला जे दिसत नाही ते मागच्याला दिसते, आणि आपल्याला दिसते म्हणजे आपण अधिक शहाणे आहोत असा त्याचा समज होतो. वस्तुतः तो केवळ मागे बसलेला असतो.

प्रथम मारिओचे उदाहरण घेऊ. १९८५ साली आलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळात नायक डावीकडून उजवीकडे धावतो. मागे पडलेला प्रदेश पडद्याबाहेर गेला की तो पुन्हा गाठता येत नाही. हा खेळ जगभर खेळला गेला आणि असंख्य मुलांच्या बोटांना एक धडा मिळाला: पुढे म्हणजे उजवीकडे. दुसऱ्याच वर्षी, १९८६ साली, निन्तेन्दो या त्याच जपानी कंपनीने 'मेट्रॉइड' नावाचा खेळ काढला. यातील नायिका एका ओट्यावर उभी असते. खेळाडू अर्थातच तिला उजवीकडे पळवतो. थोडे पुढे गेल्यावर वाट इतकी ठेंगणी होते की त्यातून उभ्याने जाता येत नाही. मग उड्या मारून पाहणे, गोळ्या झाडून पाहणे, भिंती चाचपणे सुरू होते. या बोळातून जाण्यासाठी शरीराचा चेंडू करण्याची शक्ती लागते, आणि ती शक्ती आरंभीच्या जागेपासून डावीकडे, अवघ्या काही पावलांवर ठेवलेली असते. तिकडे जाण्यास कोणीही अडवलेले नसते. फक्त मागे जाता येते ही गोष्टच खेळाडूच्या ध्यानीमनी नसते. त्याला अडवतो तो त्याचाच आधीचा अभ्यास.

याहून करुण कथा एका पिंपाची आहे. १९९४ साली सेगा कंपनीचा 'सॉनिक द हेजहॉग ३' हा खेळ आला. त्यात जत्रेसारख्या दिसणाऱ्या एका टप्प्यात रंगीत पट्ट्यांचे एक पिंप वाटेत येते. त्यावर उभे राहून खाली उतरावयाचे असते. सॉनिकचा सारा पराक्रम धावण्यात आणि उडी मारण्यात. साहजिकच मुले पिंपावर उड्या मारू लागत. उडी मारली की पिंप किंचित खाली जाई आणि पुन्हा वर येई. या किंचित खाली जाण्यानेच सारा घात केला. आपली युक्ती बरोबर आहे, नेम तेवढा चुकतो आहे, असे मुलांना वाटे, आणि ती आणखी जोमाने उड्या मारीत. या खेळात एका टप्प्यास दहा मिनिटांची मर्यादा असते. दहा मिनिटे संपत आणि एक आयुष्य वाया जाई. खेळच बिघडलेला आहे, असे पुष्कळांनी मानले. उपाय काय होता? उडी न मारता पिंपावर नुसते उभे राहावयाचे आणि वरची व खालची कळ आळीपाळीने दाबावयाची. झोपाळ्याला झोका द्यावा तसे पिंप हेलकावत खाली जाते आणि वाट मोकळी होते. ज्या दोन कळा आरंभापासून अंगठ्याखाली होत्या, त्याच उपयोगी पडावयाच्या होत्या.

हे केवळ मुलांचे होते असे समजू नये. अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ साली पाण्याच्या भांड्यांचे एक कोडे प्रसिद्ध केले. समजा, २१, १२७ आणि ३ मापांची तीन भांडी आहेत आणि नेमके १०० माप पाणी हवे आहे. मोठे भांडे भरावे, त्यातून मधले एकदा आणि लहान दोनदा भरून काढावे, की १०० उरतात. अशा रीतीने सुटणारी काही उदाहरणे त्याने लोकांकडून ओळीने सोडवून घेतली. मग भांडी दिली २३, ४९ आणि ३ मापांची, आणि हवे होते २० माप पाणी. लोकांनी पुन्हा मोठे भांडे भरले, त्यातून मधले काढले, लहान दोनदा काढले आणि २० मिळवले. उत्तर बरोबरच आले. परंतु २३मधून ३ वजा केले की २० उरतात, हे पहिल्या इयत्तेतले गणित बहुतेकांना दिसलेच नाही. ज्यांना आधीची उदाहरणे दिली नव्हती, त्यांना ते सहज दिसले. म्हणजे न दिसण्याचे कारण अज्ञान नव्हते. नुकतेच मिळवलेले कौशल्य हेच कारण होते.

कधी कधी तर कळसा खरोखरच काखेत असतो. हिदेओ कोजिमा यांचा 'मेटल गिअर सॉलिड' हा खेळ १९९८ साली प्लेस्टेशनवर आला. त्यात एका सहकारिणीशी बिनतारी यंत्रावरून बोलण्यासाठी एक आकडा लागतो. खेळातले एक पात्र सांगते की तो आकडा सीडीच्या वेष्टनाच्या पाठीमागे आहे. खेळाडूजवळ खेळातलीच एक तबकडी असते. ती तो उलटसुलट करून पाहतो, खोल्याखोल्यांतून हिंडतो, भेटेल त्याला विचारतो. आकडा असतो तो दुकानातून आणलेल्या खऱ्याखुऱ्या वेष्टनावर, त्याच्या स्वतःच्या टेबलावर. पडद्यातल्या प्रश्नाचे उत्तर पडद्यातच असणार, असा त्याने न विचारताच निर्णय घेतलेला असतो.

आणि जे सदैव डोळ्यांसमोर असते त्याचे काय? मारिओच्या खेळात आकाशातले पांढरे ढग आणि जमिनीवरची हिरवी झुडपे यांची आकृती एकच आहे. खेळाच्या काडतुसात जेमतेम ४० किलोबाइट जागा. तेव्हा रचनाकारांनी तेच चित्र रंग बदलून दोन्हीकडे वापरले. कोट्यवधी लोकांनी ते पाहिले, आणि कोणी दाखवून देईपर्यंत बहुतेकांना ते जाणवले नाही. ढग म्हटला की ढग, झुडूप म्हटले की झुडूप! एकदा नाव ठेवले की पुन्हा पाहण्याचे आपण सोडून देतो.

येथवर सारे खेळातले झाले. परंतु हाच डोळा घेऊन आपण घरात, शेतात, इस्पितळात वावरतो. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या संशोधकांनी एक चित्रफीत दाखवून लोकांना त्यातल्या पांढऱ्या सदऱ्यांच्या खेळाडूंनी चेंडू किती वेळा फेकला ते मोजावयास सांगितले. मध्येच गोरिलाचे सोंग घेतलेली एक व्यक्ती येऊन, छाती बडवून निघून गेली. सुमारे निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही. याहून गंभीर प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमधील गाठी शोधण्यात निष्णात असलेल्या २४ डॉक्टरांना जी चित्रे दिली, त्यांतल्या काहींत मुद्दाम गोरिलाचे चित्र घातले होते. ते शोधावयाच्या सरासरी गाठीच्या ४८ पट मोठे होते. २४पैकी २० डॉक्टरांना ते आढळले नाही. त्यांची नजर कोठे फिरते हे यंत्राने टिपले जात होते. त्या वीसपैकी बारा जणांची नजर थेट गोरिलावर पडली होती. डोळे पोचले होते. मन गाठी शोधत होते.

असे आहे तर मग आपण हसतो कशाला? खेळातल्या फजितीला थोडे हसावे, त्यात वाईट काही नाही. परंतु हसण्याचा एक तोटा आहे. हसणारा त्या क्षणी पाहणे थांबवतो. समोरचा चुकला, कारण तो वेंधळा आहे, एवढ्यावर त्याचा तपास संपतो. याचे एक उदाहरण आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात घडले. त्यांच्या अनुमतीने ते येथे देतो.

२०२१ सालच्या पावसाळ्यात, महामारीमुळे सारे घरी होते, तेव्हा त्या घरातल्या आजोबांनीही नातवंडांबरोबर मोटारशर्यतीचा खेळ खेळण्यास आरंभ केला. खोली लहान, पडदा मोठा, आणि आजोबांना जवळ बसून खेळण्याची हौस. पडद्याच्या डाव्या कडेला वळणाचा बाण उमटे. तो आजोबांना कधी दिसत नसे. डावीकडून गाडी पुढे गेली की ते दचकत. "पपा, बाण केवढा मोठा आहे!" असे म्हणून मुलगा हसे, नातवंडे टाळ्या पिटीत, आणि आजोबाही त्यांच्यात सामील होत. त्यांच्या गाडीने कुंपण कसे तोडले, याची चित्रफीत नातेवाइकांत फिरली. काही आठवड्यांनी आजोबा म्हणू लागले, "तुम्ही खेळा, मला काही ते जमायचं नाही." घरात ते दाराच्या चौकटीला खांदा घासून जात, बाजूला ठेवलेला पेला त्यांच्या हाताने सांडे. वय झाले, असे सर्वांनी मानले. त्यांनी स्वतःही तसेच मानले.

एका दुपारी धाकट्या नातीने त्यांना आग्रहाने बसवले. ती जेमतेम नऊ वर्षांची. तिने खेळ थांबवून ठेवला आणि विचारले, "आजोबा, तुम्हांला काय काय दिसतंय ते सांगा ना." आजोबांनी सांगितले: रस्ता, पुढची लाल गाडी, डोंगर. "आणि हा आकडा? हा बाण?" आजोबा मान वळवून पाहू लागले. मान वळवल्यावर त्यांना तो दिसला. नात आईकडे धावली आणि म्हणाली, "आजोबा वेंधळे नाहीत, त्यांना बाजूचं दिसतच नाही." सूनबाईंनी दुसऱ्याच दिवशी त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे नेले. निदान झाले काचबिंदूचे.

हा आजार मोठा फसवा आहे. बहुधा तो दुखत नाही. डोळ्यामागच्या मज्जातंतूला इजा होत जाते आणि कडेची दृष्टी हळूहळू लोपते. तेथे काळोख दिसत नाही. रिकामी जागा मेंदू आपल्या कल्पनेने भरून काढतो, म्हणून रोग्याला काही उणे आहे असे कळतच नाही. गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली मात्र औषधाच्या थेंबांनी, आणि गरज पडल्यास लेझर वा शस्त्रक्रियेने, राखता येते. आजोबांची उरलेली दृष्टी आज राखली गेली आहे. मात्र त्यांच्या मुलाच्या मनाला एक शल्य लागून राहिले. "फादर, ती चित्रफीत मी किती वेळा पाहिली," तो आम्हांला म्हणाला, "आणि दर वेळी बाणच पाहिला. पपांकडे पाहिलंच नाही."

त्या घरात काखेतला कळसा कोणाला दिसत नव्हता, हे आता निराळे सांगावयास नको. आपल्या घरांतही असे कळसे असतात. सोपे गणित पुनःपुन्हा चुकवणारे मूल असते, त्याला फळ्यावरची अक्षरे नीट दिसतात का, हे कोणी विचारलेले नसते. तीच गोष्ट तीनदा विचारणारी आजी असते, तिच्या कानांची तपासणी कोणी केलेली नसते. बँकेच्या यंत्रापुढे घोटाळणारा एखादा गृहस्थ मागच्या रांगेचे हसू ऐकून तसाच परत फिरतो. यांतील प्रत्येकाला 'एवढे साधे कसे दिसत नाही?' हा प्रश्न शेकडो वेळा विचारला जातो. तो प्रश्न नसतोच. तो प्रश्नाचा पोशाख घातलेला निकाल असतो. खरा प्रश्न त्या मुलीने विचारला होता: तुम्हांला काय दिसते?

हा प्रश्न विचारण्यास विद्वत्ता लागत नाही, पैसाही लागत नाही. क्षणभर आपली जागा सोडून दुसऱ्याच्या शेजारी बसावे लागते, एवढेच. ओट्यावरच्या माणसाला म्हण रचण्याची हौस असेल तर त्याने ती खुशाल रचावी. पण त्याआधी त्याने खाली उतरावे, गावाला वळसा घालणाऱ्याच्या बरोबर चार पावले चालावे आणि विचारावे, "बाबा, काय शोधता? कुठे कुठे पाहून झाले?"