हातभर खोल

आमच्या कोकणातल्या घराच्या परसात सात रुपये पुरलेले आहेत, किंवा नाहीत. दरोड्याची आवई उठली तेव्हा आत्याआजीने ते चिंधीत बांधून तुळशीपाशी हातभर खोल पुरले, असे ती मरेपर्यंत सांगत होती. पुढे उकरून पाहिले, पण काही निघाले नाही. चांदीचे, तोळ्या-तोळ्याचे रुपये ते! ‘आत्याने रुपये खाल्ले’ हे वाक्य घराला कायमचे चिकटले. माझी थोरली बहीण अक्का ते आजही म्हणते.

गेल्या दिवाळीत पुतण्या मेटल डिटेक्टर घेऊन आला. पूर्वी अशा कामाला पायाळू माणूस गाठीत आणि त्याच्या डोळ्यांत अंजन घालीत; आता यंत्रात बॅटरी घालतात, एवढाच फरक. अर्ध्या तासात त्याने परस विंचरून काढले. मिळाले काय, तर बैलाचा एक नाल आणि दोन खिळे.

“काका, इथे रुपये नाहीत. म्हातारीनेच हाणले असणार!”

“मी सांगत नव्हते?” अक्का म्हणाली.

का कोण जाणे, मला राग आला. “तुझ्या यंत्राला किती खोलवरचे कळते रे?”

“चांगले दीड वीत. ओटीवर पाहिलंय मी!”

ओटीवर म्हणजे हवेत, नाणे हातात धरून! मी अक्काचा लक्ष्मीपूजनाचा रुपया मागून घेतला. तिने तो कुरकुरतच दिला. चार बोटे खोल पुरला, तेव्हा यंत्र खणखणीत बोलले. आठ बोटांवर नुसते कुजबुजले. तिथेच रुपया कडेवर उभा केला, तर तेवढेही नाही. वीतभर खाली मौन.

यात यंत्राचा दोष नाही. त्याची चकती जमिनीत चुंबकीय लहर सोडते, तिने नाण्यात विजेचे भोवरे उठतात आणि त्यांची क्षीण हाक वर येते. लहर जाताना विरते, हाक येताना विरते. जरा खोल गेले की दुप्पट अंतराला ती जवळजवळ चौसष्टाव्या हिश्श्यावर येते. त्यात आमची जांभ्याची माती लोहाने भरलेली. ती स्वतःच बडबडत असते. मोहरांचा हंडा असता तर आणखी खालूनही ओरडला असता. चिंधीतल्या सात रुपयांना तेवढा गळा कुठला?

१८८१ साली ग्रॅहॅम बेलने अशाच यंत्राने राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या देहातली गोळी शोधली होती. डॉक्टरांनी उजवी बाजूच तपासू दिली. गोळी होती डावीकडे. आमचे तुळशीवृंदावन तर आत्याआजीच्या पश्चात दोनदा हलले आहे.

शेवटी तिच्या शब्दाप्रमाणे रुपया हातभर खोल घातला, माती दाबली, वर काटकी रोवली. यंत्र मुके. पुतण्याही मुका. आम्ही समाधानाने जेवायला गेलो.

परत येतो तो झाडणाऱ्या बाईने अंगण लखलखीत केलेले, काटकीसकट! यंत्राचा उपयोग नव्हताच. कुदळ घेतली. “इथेच,” मी म्हणालो. मग “नाही, जरा पलीकडे,” पुतण्या म्हणाला. दिवेलागणीपर्यंत चार खड्डे झाले. सकाळी आपल्या हाताने पुरलेला रुपया!

अक्का पायरीवर बसून पाहत होती. पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली,

“खरंच पुरला होतास ना रे तू?”